गाड्या थांबल्या की

रस्ता ओलांडून पदपथावर पाय ठेवला, तापलेल्या खड्यांवर भाजलेल्या संगक रोटीच्या पाठीला चिकटून आलेला एक गरम खडा नखाने काढून टाकला, आणि मान वर केली तेव्हा यदुल्लांना कळले की आपल्याकडे कुणीतरी बघते आहे. चिनाराच्या बुंध्याशी, रस्त्यावरचे पांढरे पट्टे जिथे सुरू होतात बरोबर तिथे, सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. शाळेचा निळा अंगरखा, हनुवटीखाली घट्ट बसलेला पांढरा रुमाल, पाठीवर दप्तर. तिचा डावा हात पुढे होता. कोपर ताठ, बोटे जुळलेली, तळवा येणाऱ्या गाड्यांकडे. यदुल्लांनी मुलीला ओळखले नाही, हात ओळखला. तो त्यांचाच होता. तसा हात धरायला ते गेली काही वर्षे या शहरातल्या मुलांना शिकवत आले होते, आणि मुलांना वाहतूक शिकवण्याच्या बागेबाहेर, खऱ्या रस्त्यावर, तो हात त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

"सलाम, काका."

"सलाम, बाळ."

"काका, तुम्ही पट्ट्यांवरून नाही आलात."

बुटाची नाडी सुटलीय असे सांगावे तसे तिने सांगितले. मग मोकळ्या हाताने रुमालाखालून गळ्यातले कार्ड ओढून काढले. प्लास्टिकमधले, पोलिसाच्या टोपीचे चित्र असलेले 'छोटा मदतनीस' कार्ड. "मोठी माणसं चुकली तर न घाबरता सांगायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि कार्ड पुन्हा आत ठेवले.

यदुल्लांचे कान गरम झाले. रोटीची घडी त्यांनी छातीशी धरली. "घाईत होतो गं," ते म्हणाले. "आणि तू काय करतेस इथे? घंटा झाली असेल ना?"

"गाड्या थांबल्या की जाते."

घर तिथून चार दारांवर. जिना चढताना त्यांच्या मनात आले की आपण रस्ता नेमका कसा ओलांडून आलो हे आपल्याला आठवत नाही. दुकानातून बाहेर पडल्याचे आठवत होते, खडा काढल्याचे आठवत होते. मधला रस्ताच नव्हता. गाड्या असणारच. सकाळच्या वेळी या रस्त्यावर एकाला एक लागून गाड्या असतात, मधून मोटारसायकली सुईतल्या दोऱ्यासारख्या जातात. त्यातून आपण आलो, तिरके, रोटी हातात धरून, आणि एकही चेहरा आठवत नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस, मुलांना रस्त्याची सुरक्षा शिकवणारा, झोपेत चालल्यासारखा रस्त्यातून येतो आणि समोर त्याचीच विद्यार्थिनी पट्ट्यांवर उभी.

"संगक आणायला गेला होतात की खडे वेचायला?" बायकोने, अशरफने, विचारले. "चहाचा काढा झाला."

"एक मुलगी भेटली."

"या वयात?"

"शाळेतली गं. रस्त्यावर उभी आहे. गाड्या थांबायची वाट बघतेय."

अशरफने साखरेचा खडा दातात धरला आणि त्यावरून चहाचा घोट घेतला. "कुठली आहे? बाहेरची असेल," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्याचा तो कोपरा दिसायचा. मुलगी अजून होती. भाजीची ढकलगाडी घेऊन एक बाई आली, गाडी सरळ रस्त्यात घातली आणि शिव्या देत-घेत पार गेली. मुलगी तिच्या आडोशाने जाऊ शकली असती. गेली नाही. अनोळखी माणसाच्या मागून रस्ता ओलांडायचा नाही, हाही त्यांचाच धडा. यदुल्लांना एकेक आठवू लागले. दोन गाड्यांच्या मधून जायचे नाही. धावायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ज्यासाठी ते खडू खाली ठेवत आणि चष्मा काढत: गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचे. त्याने आपल्याला पाहिले आहे हे आपण पाहायचे, आणि मगच पाऊल टाकायचे.

हा नियम त्यांना एका परदेशी पुस्तिकेत सापडला होता. निवृत्त होईपर्यंत त्यांनी व्याकरण शिकवले, तेही फळ्याकडे तोंड करून; वर्गाकडे बघून बोलायला त्यांना कधी जमलेच नाही. दुकानदाराशी ते वजनकाट्याकडे बघून बोलत, अशरफच्या वडिलांशी पहिल्या भेटीत गालिच्याच्या किनारीकडे बघून बोलले होते. नगरपालिकेत वरच्या जागेवर पोहोचलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना लहान मुलांच्या वाहतूक बागेत नेमले तेव्हा ती पुस्तिका त्यांनी शब्दकोश घेऊन वाचून काढली. डोळ्यांत बघायचे, या वाक्याशी ते थांबले. इतकी साधी गोष्ट. दोन माणसे, एक काचेच्या आत, एक बाहेर, एकमेकांना बघतात आणि त्यातला एक थांबतो. आपल्याला जे येत नाही ते जगात कुठेतरी असणारच, असा विश्वास लाजऱ्या माणसाला असतो. तो विश्वास त्यांनी त्या वाक्यावर ठेवला. मुलांसाठी त्यांनी त्याची चाल बांधली. थांब, बघ, डोळ्यांत बघ, मग चाल. बागेतल्या छोट्या रस्त्यांवर मुले ती म्हणत चालायची, आणि पायाने चालवायच्या गाड्यांतली दुसरी मुले हसत हसत थांबायची. बागेत ते खरे होते.

मुलीचे नाव त्यांना बसमध्ये आठवले. मर्झिया. शरद ऋतूत तिची शाळा बागेत आली होती. मुलींना शिरस्त्राणे वाटताना नेहमीचा गोंधळ. रुमालावरून ते नीट बसत नाही, पट्टा हनुवटीखाली येत नाही, शिवाय आतून आधीच्या शाळेच्या घामाचा वास. "मास्तर, याच्यात कोणीतरी काकडी ठेवली होती," एक जण ओरडली होती. सायकली थोड्याच, म्हणून पाळ्या. वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचे, हात बाहेर काढायचा, मग वळायचे. मुली हात काढायच्या आणि कलंडायच्या. बाहेर पडल्यावर यातल्या किती जणींना कुणी सायकल चालवू देणार होते, हा प्रश्न बागेत कुणी विचारत नसे. मर्झियाला लाल सायकल मिळाली होती. प्रत्येक लाल दिव्याला ती थांबायची, एक पाय जमिनीवर, पाठ सरळ. मागे पाच-सहा जणी तुंबायच्या. "चल की गं, अफगाणी! समोर कोण आहे?" समोर कुणीच नव्हते. दिवा लाल होता म्हणून ती थांबली होती. शेवटी एकीने तिच्या मागच्या चाकाला ढोसले, सायकल आडवी झाली, तिचा गुडघा सोलवटला, आणि तरी ती दिव्याकडे बघत तिथेच उभी राहिली. यदुल्लांनी शिट्टी फुंकली. सगळ्यांना गोळा केले. आणि सगळ्यांच्या देखत ते म्हणाले होते, "आज एवढ्या जणींत एकच मुलगी बरोबर आहे. ही." कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातले. तिने त्यांच्या डोळ्यांत बघितले होते, शिकवल्याप्रमाणे. त्यांनीच नजर खाली घेतली होती.

बस दिव्याला न थांबता वळली आणि दांड्याला धरलेले सगळे एका बाजूला झुकले. यदुल्लांना वाटले, या शहरात त्या पोरीला कुणी पहिल्यांदा बरोबर म्हटले असेल. मग ती ते कशाला सोडेल?

बागेत त्या दिवशी मुलांची शाळा होती. गुदर्झ, सायकली दुरुस्त करणारा, पंपावर बसून बियांची टरफले थुंकत होता. "काय मास्तर, आज तोंड उतरलंय? अशरफ खानुमनं घरी लाल दिवा लावला वाटतं." यदुल्ला हसले नाहीत. त्यांनी मुलांना पट्ट्यांसमोर उभे केले आणि विचारले, लाल दिवा लागला की काय करायचं?

"थांबायचं!"

"माझे बाबा म्हणतात, आधी पोलीस बघायचा," एक जाडा मुलगा म्हणाला.

"माझे बाबा म्हणतात, पिवळा म्हणजे दाब!"

"आणि रस्ता ओलांडताना कुठे बघायचं?"

"डोळ्यांत!" सगळे ओरडले.

त्या ओरडण्यात यदुल्लांना स्वतःच्या डोक्यावर एक गरम श्वास जाणवला. वडिलांचा. कापसाचा, तेलाचा आणि कच्च्या कांद्याचा वास असलेला श्वास, टाळूवर, केसांच्या भोवऱ्यात. वडील नदीकाठच्या कापड गिरणीत होते. पाळी सुटली की दारातून सायकलींचा लोंढा निघायचा. तेव्हा झायंदेरूद नदीला पाणी होते आणि पुलावरून जाताना घंट्यांचा आवाज पाण्यावरून परत यायचा. छोटा यदुल्ला पुढच्या दांडीवर बसायचा, दोन्ही हात मुठींच्या मध्ये, मांडीला दांडी रुतत असायची. एकदा गिरणीसमोर ट्रक येत होता. तो घाबरून ट्रककडे बघू लागला, तशी वडिलांनी हनुवटीने त्याचे डोके पुढे ढकलले. "बघू नकोस," ते म्हणाले. "तू त्याला पाहिलंस हे त्याला कळलं की तुला वाचवायचं काम तुझं. नाही पाहिलंस, तर त्याचं." आणि सायकल ट्रकपुढून तशीच गेली, संथ, मान वर, एखाद्या आंधळ्यासारखी, ब्रेक किंचाळले, ट्रकवाल्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि वडिलांच्या पोटातले हसू त्याला पाठीला जाणवले.

इतकी वर्षे डोके हे विसरले होते आणि पाय लक्षात ठेवून होते. सकाळी रस्त्यात एकही चेहरा का आठवला नाही, ते त्यांना कळले. सगळे शहर असेच चालत होते. बघेल तो थांबेल, म्हणून कुणीच बघत नव्हते. आणि त्या सगळ्यात एक मुलगी पट्ट्यांवर उभी राहून एकेका गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि प्रत्येक गाडीवाल्याला कळत होते की हिने आपल्याला पाहिले आहे; म्हणजे आता थांबायची गरज नाही.

त्या आठवड्यात ती त्यांना रोज दिसली. कधी खिडकीतून, कधी रोटी आणताना. ती दिसू लागल्यापासून त्यांनाही रस्ता ओलांडता येईनासा झाला. पाऊल टाकायच्या आधी डोळे आपोआप डावीकडे वळत आणि तिथली गाडी वेग वाढवी. मग ते चिनारांच्या रांगेखालून, सुकलेल्या पाटाच्या कडेने, लांबच्या पुलाखालून वळसा घालून रोटीच्या दुकानात जाऊ लागले. "रोटी थंड का असते हल्ली?" अशरफ विचारी. एकदा त्यांनी मुलीला विचारले, आईबाबा सोडत नाहीत का. बाबा अंधारात कामावर जातात, ती म्हणाली, भिंती बांधतात. घरी छोटा भाऊ आहे, आई त्याला सोडू शकत नाही. "आणि बाई रागावत नाहीत उशीर झाल्यावर?"

"रागावतात."

"मग तू काय सांगतेस?"

"काही नाही. त्या चुकतात, पण वर्गात तसं सांगायचं नसतं ना?" ती थोडी थांबली. "एकदा गाड्या थांबत नाहीत असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या खोटं बोलतेस. बाकीच्यांसाठी कशा थांबतात?"

यदुल्ला मुख्याध्यापिकेकडे गेले. जायच्या आधी त्यांनी मनात वाक्ये जुळवली होती, व्याकरणशुद्ध, कर्ता-कर्म-क्रियापद. मी या मुलीला शिकवले. ती माझ्यामुळे थांबते. चूक माझी आहे. मुस्तौफीबाई काळ्या चादरीतून एक हात बाहेर काढून दूरध्वनी, चहा आणि एका रडणाऱ्या मुलीचे नाक असे सगळे एकदम सांभाळत होत्या.

"बसा, हाज-आगा. कुठल्या मुलीचं म्हणालात? ती होय. गुणी आहे हो, अक्षर मोत्यासारखं. पण रोज पहिला तास संपताना उगवते. माझ्याकडे बाकावर तिघी तिघी बसतात, आणि दाराबाहेर आया उभ्या असतात, आमचीला घ्या, आमचीला घ्या. त्यात हिच्यासारख्यांना घेतलं म्हणून वरून मला विचारतात. मी काय सांगू, बाईसाहेब झोपून उठल्या की येतात?"

"ती झोपत नाही. रस्त्यावर थांबते. गाड्या—"

"सगळ्याच पोरी रस्ता ओलांडून येतात, आगा. हिच्यासाठी काय गालिचा अंथरू?"

यदुल्ला टेबलावरच्या काचेखालच्या फोटोकडे बघत होते. वाक्ये तिथेच होती, ओठांच्या आत, एकामागे एक उभी. त्यातले एकही पुढे आले नाही.

"तुमची कोण लागते ती?" बाईंनी विचारले.

"कोणी नाही."

"मग कशाला जीव जाळता? मी तिच्या आईला निरोप दिलाय. शनिवारपासून एकदा जरी उशीर झाला तरी जागा दुसरीला. माझा नाइलाज आहे. तू गप गं, नाक पूस."

शनिवारी ते उजाडताच रस्त्यावर जाऊन उभे राहिले. थंडी पडली होती, हवेत धूर आणि गंधकाचा वास. मर्झिया आली, सलाम केला, पट्ट्यांपाशी थांबली आणि हात पुढे केला. तिचे ओठ फुटले होते. तिला माहीत होते. निरोप घरी पोहोचला होता. हात मात्र तसाच ताठ होता.

"आज मी येतो बरोबर," यदुल्ला म्हणाले. "हात दे."

"पट्ट्यांवरून?"

"पट्ट्यांवरून."

त्यांनीही हात पुढे केला. म्हातारा माणूस, लहान मुलगी, पांढरे पट्टे. कुणीतरी थांबेल, असे त्यांना मनाच्या एका कोपऱ्यात अजून वाटत होते; आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अनोळखी माणसांच्या डोळ्यांत बघायला सुरुवात केली. एकामागून एक. काचेआडचे डोळे त्यांच्या डोळ्यांना भिडत, हिशेब करत आणि सुटून जात. दाढीचे, झोपेचे, फोनवर बोलणारे. एका मोटारसायकलवाल्याने मागे मूल आणि पुढे गॅसची टाकी घेतली होती, तो ओरडला, "हाज-आगा, फोटो काढताय का?" मग एक नारिंगी गाडी खरंच हळू झाली. करकरत, बरोबर पट्ट्यांपाशी थांबली. मर्झियाचा हात त्यांच्या हातात उडाला. "थांबली! काका, थांबली!"

काच खाली आली. "दरवाजा शिराझला जायचंय? एकाची जागा आहे, पोरीला मांडीवर घ्या."

"नाही, आम्हाला पलीकडे—"

"मग हात कशाला दाखवता, बाबा!" टॅक्सी गेली. तिच्या मागे तुंबलेल्या गाड्या चिडून दुप्पट वेगाने गेल्या. त्यानंतर अशा आणखी टॅक्स्या थांबल्या, आणि प्रत्येक वेळी मुलीचा हात त्यांच्या तळव्यात उडाला, पण दर वेळी आधीपेक्षा कमी.

पलीकडे शाळेच्या दारातून बायका परतू लागल्या होत्या. चौकीदार बाहेर येऊन दाराचे एक कवाड लावत होता. यदुल्लांनी मुलीकडे पाहिले. ती रडत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आता काय करायचे ते सांगतील म्हणून. कारण तेच सांगणारे होते. ते गुडघ्यावर बसले. गुडघा दुखला.

"मर्झिया, ऐक. आजपासून बघायचं नाही."

"कुठे?"

"गाड्यांकडे. डोळ्यांत बघायचं नाही. त्यांना वाटलं पाहिजे की तू त्यांना पाहिलंच नाहीस."

तिच्या भुवया जवळ आल्या. "पण काका, तुम्ही सांगितलं होतं—"

"हो. ते बरोबर होतं." त्यांनी तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. "हे पुढच्या इयत्तेचं आहे."

"मी अजून दुसरीत आहे."

"तुला आधी शिकवतोय. पलीकडे ती गझ मिठाईच्या दुकानाची हिरवी पाटी दिसते? फक्त तिच्याकडे बघायचं. हात असा, खाली, जरासा. धावायचं नाही. मध्ये थांबायचं तर मुळीच नाही. एकाच चालीनं जायचं, आणि ब्रेक वाजला तरी मान वळवायची नाही. पाटी वाचत जा. अक्षर अक्षर."

"आणि मागे?"

"मागेही नाही."

तिने गळ्यातले कार्ड काढले आणि दप्तराच्या कप्प्यात टाकले. का ते त्यांनी विचारले नाही. मग ती पट्ट्यांवरून बाजूला झाली, लोक जिथून उतरतात तिथे गेली, हिरव्या पाटीकडे बघितले आणि रस्त्यात शिरली. एक पांढरी गाडी तिच्यावर आली, नाक दाबून थांबली. मोटारसायकल तिच्या दप्तराला घासून गेली. तिसरीने हॉर्न दाबून धरला तो सोडलाच नाही. यदुल्लांना ओरडायचे होते, पण ओरडले असते तर तिने मान वळवली असती. ती चालत होती. लहान पाठ, संथ, मान वर, आंधळ्यासारखी. तोंडाने पाटी वाचत असावी. पलीकडच्या पदपथावर तिने पाय ठेवला, चौकीदाराच्या हाताखालून दारात शिरली आणि दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिले नाही. यदुल्ला तरीही हात हलवत उभे होते.

त्यानंतर ती कधी उशिरा गेली नाही. हवा खराब म्हणून शाळा अधूनमधून बंद राहत, पुन्हा उघडत. उघडल्या की ती खिडकीतून दिसायची, रस्त्यातून तिरकी जाताना, हात खाली, शहराच्या कुठल्याही माणसासारखी. ती यदुल्लांच्या जवळून गेली तरी आता सलाम करत नसे. रस्ता जवळ आला की तिची नजर आधीच पलीकडे गेलेली असायची. "कुणाला बघता एवढं?" अशरफ विचारायची. "कुणाला नाही." बागेत ते पूर्वीसारखेच शिकवत राहिले. मुले ओरडायची, डोळ्यांत! आणि ते मान हलवायचे. चालीतला सूर आता त्यांना ऐकू येत नसे, फक्त मुलांची उघडी तोंडे दिसत. गुदर्झ म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिट्टी वाजवायची विसरता हल्ली. परवा दोन पोरं एकमेकांवर आदळली." बागेतल्या लाल दिव्याला आता कुणीच थांबत नव्हते, की आधीही थांबत नव्हते आणि त्यांना ते आत्ता दिसू लागले होते, हे त्यांना ठरवता येईना.

वसंतातल्या नव्या वर्षाची सुट्टी संपली. चिनारांना पालवी आली, शाळा भरली, आणि रस्त्यातून मुली जाऊ लागल्या. ती नव्हती. काही दिवस वाट पाहून ते शाळेत गेले, वळसा घालून, पुलाखालून.

"ती होय," मुस्तौफीबाई म्हणाल्या. "नाही हो, वेळेचं काही नव्हतं. शेवटी शेवटी सगळ्यांच्या आधी यायची. वडिलांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, नवा मिळाला नाही. कागद नाही तर मी हजेरीत नाव कुठून ठेवू? चांगली मुलगी होती. एकदम सुधारली होती." त्यांनी चहा पुढे केला. "तुमची कोण लागत होती ती, म्हणालात?"

उन्हाळा लागला. नदीच्या कोरड्या पात्रात मुले फुटबॉल खेळत. एका दुपारी यदुल्ला बागेतून परतताना सामायिक टॅक्सीत मागे, खिडकीशी बसले होते. आत घामाचा आणि खरबुजाचा वास होता. पलीकडच्या बाईच्या मांडीवर खरबूज होते. पुलाजवळच्या मोठ्या चौकात दिवा लाल झाला. तिथे कॅमेरा बसवला होता, म्हणून तिथे गाड्या थांबत. सगळ्या, ओळीने, पट्ट्यांच्या अलीकडे. आणि थांबल्याबरोबर त्यांच्या मधून मुले सुटली. एकाच्या हातात दृष्ट काढायच्या हरमल-बियांचा धूर सोडणारा डबा, एकाकडे फुले, एका मुलीकडे कागदी रुमालांच्या पुड्या. दोन गाड्यांच्या मधून, आरशांना न घासता, अजून हलणाऱ्या मोटारसायकलींच्या पुढून ती एकाच चालीने येत होती. अंगरखा निळाच होता, शाळेचा, बाह्या आखूड झालेल्या.

यदुल्लांनी ती चाल ओळखली. आणि मग पाहिले की ती आता बघत होती. प्रत्येक काचेशी थांबून, पुडी वर धरून, आतल्या माणसाच्या डोळ्यांत. आणि आतली माणसे समोर बघत होती. मान ताठ, नजर दूर, जणू बाहेर कुणी नाहीच. पुढच्या गाडीतला माणूस, त्याच्या पुढच्या गाडीतली बाई, सगळे.

"काच वर घ्या, हाज-आगा," टॅक्सीवाला म्हणाला. "आणि बघू नका तिकडे. बघितलं की चिकटतात."

काच अर्धीच वर गेली. ती टॅक्सी जुनी होती. मुलगी आली. तिची बोटे काचेच्या कडेवर दिसली, नखांत काळे. यदुल्लांच्या खिशात सुटे पैसे होते, हात खिशापर्यंत गेलाही. पण पैसे द्यायचे तर वळावे लागले असते, आणि वळले असते तर तिने त्यांना पाहिले असते. तिने ओळखले असते. किंवा ओळखले नसते.

"काका," ती म्हणाली. ही मुले सगळ्यांनाच काका म्हणतात.

समोर, चौकाच्या पलीकडे, एका दुकानावर पाटी होती. पिवळ्यावर लाल. यदुल्ला ती वाचू लागले, अक्षर अक्षर. काचेवर बोटाची टकटक झाली. "काका, घ्या ना. काका." त्यांनी मान वळवली नाही. पाटी वाचून संपली तेव्हा त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि दिवा अजून लालच होता.